चिंचेखालची घंटी

मराठी माणूस मराठीत नापास! तोही पहिली-दुसरीत नव्हे, चांगला बी.ए.ला! औरंगाबादच्या बस स्टँडवर ही खबर आली तेव्हा टपरीवरचे झाडून सगळे ड्रायव्हर-कंडक्टर पोट धरून हसले. एकानं कारभारीच्या पाठीत थाप मारली.

"काय कारभारी, तुझा कंडक्टर आईच्या बोलीत फेल झाला म्हणं!"

कारभारीनं चहाचा ग्लास खाली ठेवला. खुलताबादच्या गाडीवरचा हा ड्रायव्हर बोलायला कमी आणि चिडायला पुढं. "तू कोणत्या इयत्तेत फेल झालता रं? शाळेच्या पायरीवरच ना? मंग गप चहा पी," म्हणाला आणि उठून गाडीत जाऊन बसला. बसला खरा, पण जिवाला लागलं होतं. आपल्या कंडक्टरची, सांडूची फजिती ती आपल्या गाडीची फजिती, असा त्याचा हिशोब.

खरं तर कारभारीला अक्षराशी देणंघेणं नव्हतं. सही यायची, ती पण गाडी रिव्हर्स घ्यावी तशी, थांबत थांबत. पण सांडू गव्हांडे त्याच्या गाडीवर आला आणि या माणसाला नवलाचं एक दुकानच उघडून मिळालं.

सांडू सोयगावकडचा, कुणब्याचा पोर. निजामाच्या राज्यात शिकला, म्हणजे घरात मराठी आणि शाळेत उर्दू. मॅट्रिक झाला तो उर्दूतच. पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, सांडू बसवर लागला. मग काही वर्षांनी राज्य मराठीचं झालं आणि एका सकाळी गाड्यांवरच्या उर्दू पाट्या जाऊन मराठी लागल्या. त्या दिवशी साळूबाई फळांची पाटी घेऊन चढली. साळूबाई म्हणजे दौलताबादेची सीताफळवाली, तोंडानं तिखट आणि मनानं गूळ. खुलताबादचा बाजार करून संध्याकाळी परतायची. तिनं विचारलं, "सांडूबा, काय लिवलंय रं पाटीवर? गाडी आमचीच हाय ना?" सांडू वर बघून एकेक अक्षर लावायला लागला, "खु... ल... ता..." साळूबाई खो-खो हसली. "आगं बया! आईची बोली हाय आन् लेकराला वाचता येईना!"

ती हसून विसरली. सांडू विसरला नाही. त्यानं सकाळच्या कॉलेजात नाव घातलं, आणि विषय घेतला कोणता, तर मराठी! आता याला जिद्द म्हणा नाहीतर येडेपणा म्हणा.

सकाळी कॉलेज, कॉलेज सुटलं की खाकी डगला चढवून ड्यूटी, ती दिवस मावळेपर्यंत. कंट्रोलरनं दुपारची पाळी द्यायला खळखळ केली तेव्हा कारभारीनं आपली सोयीची सकाळची पाळी सोडली आणि सांगितलं, "मी बी दुपारचाच. आमची जोडी मोडायची नाय." वर सांडूला दम दिला, "उपकार समजू नको. मला सकाळी उठायचा कंटाळा हाय." खोटं होतं ते. कारभारी कोंबड्याच्या आधी उठणारा माणूस.

ड्रायव्हरच्या केबिनीमागं जाळीची एक खिडकी होती. त्या खिडकीतून कारभारीनं बी.ए.चा अभ्यास ऐकला. काय तो अभ्यास! तात्यासाहेब नावाचे प्राध्यापक वर्गात भरभर बोलायचे. देवनागरीत सांडूचा हात गोगलगाय, उर्दूत मात्र घोडा. म्हणून तो तात्यासाहेबांचं मराठी उर्दू अक्षरात, उजवीकडून डावीकडं, सपासप उतरवून घ्यायचा. आणि मग दुपारी भरल्या गाडीत, एका हातानं दांडी धरून, खांद्याला पिशवी, ते मोठ्यानं वाचायचा. "दौलताबाद दोन, सुट्टे द्या... विभाव, अनुभाव... आवो मामा, कोंबडी मांडीवर घ्या... व्यभिचारी भाव..."

"ऐ सांडू!" साळूबाई कडाडली. "बायामाणसांत असलं काय बोलतो रं मेल्या?"

"मावशी, तसलं नाय. येणाऱ्या-जाणाऱ्या भावनेला म्हणतात तसं. शास्त्रातलं हाय."

"शास्त्रातलं असलं तरी हळू म्हण."

केबिनीत कारभारी एकटाच हसायचा. पण हसता हसता त्याला धाकही वाटायचा. पाटीभर सीताफळं, शेरडं, रडणारी पोरं, वर उभी धूळ, आणि त्यात हा बाबा शास्त्र घोकतोय! तिकिटात कधी चूक नाही, कुणावर आवाज नाही. घरी पुतळाबाईला, म्हणजे बायकोला, तो सांगायचा, "माणूस हाय का काय हाय गं त्यो! माझ्या अंगावर काटा येतो."

आणि असा माणूस नापास व्हावा! बाकीचे विषय धडाधड निघाले, अडलं ते मराठीत. तात्यासाहेबांनी बोलावून विचारलं, "गव्हांडे, काय लिहून आलात?" सांडूनं पाठ म्हणून दाखवलं, "शौक हा किरण रसाचा स्थायीभाव होय."

तात्यासाहेबांनी कपाळावर हात मारला. मूळ वाक्य होतं, 'शोक हा करुण रसाचा स्थायीभाव होय.' पण उर्दूत लिहिताना वेलांट्या-उकार कोण घालतो? 'करुण' लिहा नाहीतर 'किरण' लिहा, दिसायला एकच. 'शोक' आणि 'शौक' यांचा शेवटचा 'क' तेवढा निराळा, पण पळत्या हातानं काढलेल्या अक्षराला ते कोण विचारणार? कानानं ऐकलं एक, डोळ्यानं वाचलं दुसरं. तात्यासाहेब हसावं की रडावं अशा सुरात म्हणाले, "अहो, माणसं मयतीला बसली आहेत आणि तुम्ही तिथं शौक करताय!"

गाडीत हे कळलं तेव्हा हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. साळूबाईला मात्र त्यात चूक दिसेना. "मला पानाचा शोक हाय. मंग मी काय रडू?" त्या दिवसापासून गाडीचं नाव पडलं 'किरण रस'. बाजारकरी विचारायचे, "किरण रस गेली का रं?" सांडू पण हसायचा. पण हसू गालावरच राहायचं, हे जाळीतून फक्त कारभारीला दिसायचं.

दुसऱ्या खेपेला सांडूनं शब्दन् शब्द नीट पाठ केला. शोक म्हणजे दुःख, करुण म्हणजे करुण. तरी थोडक्यात राहिला. तात्यासाहेबांनी तीच उत्तरं पुन्हा लिहायला लावली, वाचली आणि शांतपणे म्हणाले, "आता शब्द बरोबर आहेत. पण गव्हांडे, यात जीव नाही हो. उदाहरण पोपटानं सांगितल्यासारखं वाटतं. तुम्ही करुण पाहिलेलाच नाही." आणि पुढं असंही सांगितलं, की आता एकच संधी उरली. तिसऱ्यांदा राहिलात तर सगळे विषय पहिल्यापासून.

सगळे विषय! इतकी वर्षं धूळ खात घोकलेलं सगळं पाण्यात!

त्याच साली पुतळाबाई गेली.

कारभारीचं घर दौलताबादच्या पुढं, घाटाच्या पायथ्याशी, सडकेपासून हाकेच्या अंतरावर. सडकेवर एक जुनी चिंच आहे. तिथं गाडीचा स्टॉप नव्हता, आजही कागदावर नाही. पण दुपारची गाडी यायच्या टायमाला पुतळाबाई भाकरीचं फडकं घेऊन चिंचेखाली उभी असायची. कारभारी गाडी हळू करायचा, खिडकीतून हात बाहेर काढायचा, ती फडकं हातात द्यायची, गाडी पुढं. बोलणं नाही, चालणं नाही. नाव घेणं तर लांबच. जुन्या वळणाचा माणूस, उभ्या जन्मात बायकोला नावानं हाक मारली नाही. 'आगं' म्हटलं की तिनं समजायचं आणि 'आवं' म्हटलं की यानं. कुणी पॅसेंजर तक्रार करायचा नाही. साळूबाई तेवढी म्हणायची, "भाकर गरम हाय का गं? न्हाईतर माझ्याकडं दे, मी खाते."

ताप आला आणि चार दिवसांत बाई गेली. होत्याचं नव्हतं झालं. तेरावा उरकून कारभारी गाडीवर आला. डोळ्यांत टिपूस नाही. लोक म्हणाले, दगडाच्या काळजाचा हाय.

गाडी दौलताबादचा दरवाजा ओलांडून पुढं आली. चिंच आली. घंटी वाजली नव्हती, कुणी हात केला नव्हता, आणि गाडी हळू झाली आणि थांबली. कारभारीचा उजवा हात खिडकीबाहेर गेला. तळवा वर. आणि तसाच राहिला.

गाडीत माणसं खच्चून भरलेली. साळूबाईनं तोंडाला पदर लावला. सांडू जाळीपाशी उभा होता. त्याला तो हात दिसत होता, रिकामा, उन्हात धरलेला. कारभारीला मग एकदम भान आलं. हात आत घेतला, गचका देऊन गाडी काढली आणि घाटभर मागं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठरवून बसला होता, थांबायचं नाही. पायानं ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी गाडीत लांबचं कुणी वऱ्हाड होतं. त्यातला एक जण ओरडला, "ओ ड्रायव्हर, झोपले काय? जंगलात कशाला गाडी लावली?" कारभारीचे कान तापले. चोरी सापडावी तसं त्याला झालं. आता साहेबाकडं तक्रार जाणार, आणि साहेबाला सांगायचं काय? बायको मेली पण पायाला अजून कळलं नाय, असं?

त्याच्या दुसऱ्या दिवशी चिंच जवळ आली तशी टण् करून एक घंटी वाजली.

एक घंटी म्हणजे थांबा. कारभारीनं गाडी थांबवली. कुणी उतरलं नाही, कुणी चढलं नाही. जरा वेळानं टण् टण् दोन घंट्या झाल्या, म्हणजे चला. गाडी निघाली.

रोज तसंच. चिंच आली की एक घंटी, मग थोडा दम, मग दोन. आता कुणाला काही बोलायला जागा नव्हती. कंडक्टरनं घंटी दिली, ड्रायव्हर थांबला, इतकं सरळ. कारभारीनं सांडूला कधी विचारलं नाही आणि सांडूनं कधी सांगितलं नाही. टपरीवर दोघं चहा प्यायचे आणि डिझेलबद्दल बोलायचे.

मराठीच्या पेपरच्या दिवशी गाडीवर दुसराच कंडक्टर होता. चिंचेपाशी घंटी वाजली नाही. कारभारीनं जीव खाऊन पाय दाबला आणि गाडी तशीच नेली, पण त्याचं सगळं ध्यान पेपराकडं. संध्याकाळी स्टँडवर परत आला तर सांडू टपरीच्या बाकड्यावर बसलेला, नव्या सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या, बोटांना शाई.

"काय आलं?"

"त्योच आला दादा. करुण रस. उदाहरणासहित लिहा म्हणं."

"मंग? लिवलं ना पाठ केलेलं?"

सांडू खाली बघायला लागला. "पाठ होतं. पण लिहायला बसलो आन् हातच चालंना. समोर तुमचा हात दिसायला लागला. मंग त्येच लिवलं."

"काय लिवलं?"

"चिंच लिवली. गाडी थांबलेली लिवली. दादा, शास्त्रात म्हणलंय, ज्याच्यामुळं दुःख उठतं त्याला विभाव म्हणायचं. ती चिंच म्हंजी विभाव. आन् दुःख अंगावर दिसतं त्याला अनुभाव. खिडकीबाहेर गेलेला तुमचा हात म्हंजी अनुभाव. त्या वऱ्हाडवाल्यानं हाटकलं आन् तुम्हाला शरम वाटली, राग आला, मंग गेला, ती येणारी-जाणारी भावना."

"व्यभिचारी," कारभारी पुटपुटला. इतकी वर्षं जाळीतून ऐकलेलं त्याच्या तोंडी आपसूक आलं.

"व्हय. आन् ह्या समद्याच्या बुडाशी जे कायम बसून ऱ्हातं, कुठं जात नाय, त्यो शोक."

कारभारीच्या हातातला चहा तसाच राहिला. त्याला वाटत होतं, आपलं हे जे काय चाललंय ते जगावेगळं आहे, येड्यासारखं आहे, कुणाला सांगण्यासारखं नाही. आणि कुणा ऋषीमुनीनं, कुठल्या जमान्यात, गाडी नव्हती, सडक नव्हती, तेव्हाच ते बघून ठेवलं होतं! नुसतं बघितलं नाही, एकेका गोष्टीला नाव देऊन ठेवलं होतं! त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. देवळात गाभाऱ्याशी गेल्यावर येतो तसा.

पण पुढच्याच घटकेला त्याला भीतीनं घेरलं. तो भडकला.

"आरं येड्या! पुस्तकातलं सोडून हे कशाला लिवलं? तपासणारा म्हणंल, हा काय तमाशा! राजा नाय, राणी नाय, एस.टी.चा ड्रायव्हर! परत नापास करंल तुला. समदं पयल्यापासून करावं लागंल, कळतंय का? माझ्यापायी बुडालास तू!"

"बुडालो तर बुडालो. पण दादा, आज पयल्यांदा मला मराठी आली."

कारभारीनं हळूच विचारलं, "नाव लिवलं?"

"तुमचं नाय लिवलं. वहिनीचं लिवलं. पुतळाबाई."

कारभारी उठला आणि गाडीची काच पुसायला लागला. पुसलेलीच काच पुन्हा पुन्हा पुसत राहिला.

निकालापर्यंतचे दिवस त्यानं कसे काढले ते त्याचं त्यालाच ठाऊक. खुलताबादच्या भद्रा मारुतीला नारळ बोलला. दर्ग्यापुढून गाडी जाताना हात छातीला लावायचा. साळूबाईला सगळं सांगून टाकलं, आणि तिनं ते गाडीभर केलं. 'किरण रस' म्हणून हसणारी गाडी आता रोज सांडूचं तोंड बघायची. लागला का? नाय अजून. लागंल, लागंल.

निकाल लागला त्या दिवशी सांडू उशिरा आला. गाडी सुटायची वेळ झालेली, कंट्रोलर शिट्ट्या मारतोय, आणि हा गर्दीतून धावत येतोय. केबिनीच्या दारापाशी येऊन उभा राहिला. कारभारीनं खिडकीतून मान बाहेर काढली.

"बोल की!"

"पास झालो, दादा. बी.ए. झालो. आन् मराठीत... मराठीतच सगळ्यात जास्ती मार्क हायेत."

स्टँडवर एकच गिल्ला झाला. टपरीवाल्यानं चहा फुकट सोडला. आईच्या बोलीवरून हसणारा तो ड्रायव्हर सांडूला खांद्यावर घ्यायला धावला. कारभारी मात्र स्टिअरिंग धरून बसून होता. ओठ हलत होते. सांडूनं जवळ जाऊन कान दिला.

"मंजी," कारभारी म्हणाला, "पुतळा पास झाली म्हणायची."

जिवंतपणी जे नाव त्याच्या तोंडून कधी निघालं नाही, ते असं निघालं. सांडूनं मान हलवली आणि मागं जाऊन दोन घंट्या दिल्या.

दौलताबाद मागं पडलं. त्या दिवशी साळूबाई सीताफळाच्या पाट्या घेऊन खिडकीपाशीच बसली होती, आणि शेजारी गुलमंडी बाजारातला एक कापडवाला, नवखा, कापडाचे गठ्ठे सांभाळत. चिंच दिसली. टण् करून एक घंटी वाजली. गाडी थांबली.

कारभारीनं जाळीकडं न बघता सांगितलं, "सांडू, आज दोन लगेच देऊ नको."

"नाय देत, दादा."

मग त्यानं डोकं स्टिअरिंगवर टेकलं आणि रडला. दगडाच्या काळजाचा म्हणत होते ना, तो माणूस, हुंदक्यावर हुंदका देऊन, खांदे गदागदा हलवून रडला. एक हात खिडकीबाहेर गेला होता. मागं भरली गाडी उन्हात तापत होती. पोरं घामेजली, कोंबड्या चोची वासून बसल्या, पण एक माणूस हूं की चूं करीना. सांडू घंटीच्या दोरीला हात लावून उभा होता आणि त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं, ते तो पुसतही नव्हता.

कापडवाला चुळबुळला. खिडकीतून इकडं बघितलं, तिकडं बघितलं. घर नाही, दार नाही. "अम्मा, ये कौनसा स्टॉप है?" त्यानं साळूबाईला विचारलं. "कोई उतरता नहीं, कोई चढता नहीं."

साळूबाईनं पाटीतलं एक पिकलं सीताफळ काढलं, खिडकीतून हात लांबवून चिंचेच्या बुंध्याकडं अलगद टाकलं, आणि पदरानं नाक पुसत म्हणाली, "करुण रसाचा. किरण न्हवं. करुण."

कापडवाल्याला काही कळलं नाही, पण तिचा चेहरा बघून त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. बऱ्याच वेळानं कारभारीचा हात आत आला. सांडूनं दोन घंट्या दिल्या आणि गाडी घाट चढायला लागली.